परदेशातला डिस्नेलँड नक्की कुणाचा?

टोकियो डिस्नेलँडमध्ये डिस्ने कंपनीची मालकी किती? शून्य टक्के. हाँगकाँगमध्ये निम्म्याहून थोडी कमी. शांघायमध्ये ४३ टक्के. पॅरिसमध्ये सुरुवातीला ४९ टक्के, मधे घसरून ३९च्या आसपास, आणि आता पूर्ण. अबू धाबीत जे पार्क उभं राहायचं आहे, त्यात पुन्हा शून्य. मिकी माउस सगळीकडे तोच, किल्ला सगळीकडे आहे, रात्रीची रोषणाईही आहे. मालक मात्र प्रत्येक शहरात वेगळा.

तिकीट काढून आत जाणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. ज्या शहराच्या किंवा देशाच्या तिजोरीतून या पार्कांसाठी पैसा जातो, तिथल्या करदात्याला मात्र पडतो, आणि बराच पडतो. म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. एवढी श्रीमंत कंपनी परदेशात भागीदार का शोधते, याचं झटपट उत्तर 'पैसे कमी पडतात म्हणून' असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पैसा कुणी घातला यापेक्षा, कमाई आल्यावर त्यातून पहिला हात कोण मारतो आणि शेवटी उरलेलं (किंवा तुटलेलं) कुणाच्या पदरात पडतं, हे पाहिलं की सगळा व्यवहार उलगडतो.

आधी धंद्याचं स्वरूप बघू. थीम पार्कात जवळपास सगळा खर्च पहिलं तिकीट विकण्याआधी होतो. शांघायचं पार्क उभारायला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर लागले, आणि ते पैसे परत यायला सुरुवात झाली ती दार उघडल्यावर. सिनेमा पडला तर एका वर्षाचं नुकसान होतं. पार्क पडलं तर ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रूळ, पाळणे, कृत्रिम डोंगर, हॉटेलं सगळं तिथेच रुतून बसतं. शिवाय दर काही वर्षांनी नवीन राइड आणली नाही तर लोक पुन्हा येत नाहीत, म्हणजे खर्च कधी थांबतच नाही. आपल्याकडे खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, गर्दी येत होती, तरी कर्जाच्या ओझ्याने वाकलं आणि २०२२मध्ये मलपाणी समूहाकडे गेलं. गर्दी असणं आणि पैसे सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या धंद्यात पुन्हा पुन्हा दिसतं.

टोकियो: एक पैसाही न अडकवता

जपानची गोष्ट तपशिलात सांगायला हवी, कारण पुढचे सगळे करार एका अर्थाने या कराराकडे बघून झाले.

टोकियो शहराला लागून चिबा प्रांतात उरायासू नावाचं मच्छीमारांचं गाव होतं. १९६० साली केसेई रेल्वे कंपनी आणि मित्सुई फुदोसान ही जमीन-बांधकाम क्षेत्रातली बडी कंपनी यांनी मिळून ओरिएंटल लँड कंपनी काढली. उद्देश हा की उरायासूसमोरचा समुद्र बुजवून जमीन तयार करायची, आणि त्यातल्या एका भागावर मोठं करमणुकीचं ठिकाण उभं करायचं. मच्छीमारांचे समुद्रावरचे हक्क सोडवून घ्यायचे, भराव टाकायचा, प्रांताच्या सरकारशी बोलणी करायची, हे सगळं डिस्नेशी करार होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. करार झाला १९७९मध्ये आणि पार्क उघडलं १५ एप्रिल १९८३ला.

त्या काळात डिस्नेची सगळी रोकड फ्लोरिडातल्या एप्कॉट या पार्कात गुंतली होती. ते ऑक्टोबर १९८२मध्ये उघडलं. जपानी लोक अमेरिकी परीकथांसाठी तिकीट काढतील की नाही याचीही कंपनीत कुणाला खात्री नव्हती. म्हणून डिस्नेने सगळ्यात सुरक्षित वाट धरली. पार्क ओरिएंटल लँडचं, कर्ज ओरिएंटल लँडचं, नोकरवर्ग त्यांचा, तोटाही त्यांचा. डिस्नेने नाव द्यायचं, आराखडे द्यायचे, सगळं आपल्या शिस्तीत चालतंय ना यावर लक्ष ठेवायचं, आणि त्या बदल्यात रॉयल्टी घ्यायची: प्रवेशाच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के, खाणंपिणं आणि वस्तूंच्या विक्रीवर साधारण ५ टक्के.

पहिल्याच वर्षी जवळजवळ एक कोटी लोक आले. पुढे २००१ साली शेजारीच टोकियो डिस्नेसी उघडलं. मार्च २०१९ला संपलेल्या वर्षात दोन्ही पार्कांत मिळून सव्वातीन कोटींहून अधिक लोक येऊन गेले. २०२४मध्ये डिस्नेसीत जो फँटसी स्प्रिंग्ज नावाचा नवा भाग उघडला, त्याचा सुमारे ३२० अब्ज येनचा खर्चही ओरिएंटल लँडनेच केला. जगभरच्या डिस्ने पार्कांत टोकियोचं पार्क सगळ्यात नेटकं, असं तिथे जाऊन आलेले लोक आवर्जून सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. ज्याच्या हातात एवढंच एक मोठं दुकान आहे, तो त्याची निगा राखणारच.

डिस्नेत मात्र हळहळ सुरू झाली. एवढं चालणारं पार्क, आणि आपल्याला फक्त रॉयल्टी! त्या हळहळीतून पॅरिसचा करार जन्मला.

हजार रुपयांचा हिशेब

पॅरिसला जाण्याआधी एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे मनाचे आहेत, रॉयल्टीचे दर तेवढे टोकियोचे घेतले आहेत.

समजा पार्कात एका वर्षात हजार रुपये येतात: सहाशे तिकिटाचे, चारशे खाण्यापिण्याचे आणि खेळण्यांचे. डिस्नेची रॉयल्टी झाली ६० अधिक २०, म्हणजे ८० रुपये. ही रक्कम खर्च मोजण्याआधीच बाजूला जाते. शेत वाट्याने लावताना एखादा मालक बी-खताच्या भानगडीत न पडता खळ्यावरच आपलं माप घेऊन जातो, तसंच हे. आता पगार, वीज, देखभाल, माल यांवर ७०० रुपये गेले, व्याज आणि घसारा (यंत्रं-इमारतींची दरवर्षी धरायची झीज) मिळून १५० गेले. पार्काच्या मालकाला उरले ७० रुपये.

पुढच्या वर्षी मंदी आली. हजाराचे आठशे झाले. रॉयल्टी ६४ रुपयांवर आली. खर्च मात्र फारसा घटत नाही, कारण पाळणा रिकामा फिरला काय आणि भरलेला फिरला काय, वीज आणि ऑपरेटर तेवढेच लागतात. समजा ७००चे ६८० झाले. व्याज-घसारा तोच, १५०. आता मालकाच्या खात्यात ९४ रुपयांचा तोटा. गिऱ्हाईक एक पंचमांश घटलं, तर नाव देणाऱ्याची कमाई ८०वरून ६४ झाली आणि मालकाची ७०वरून उणे ९४.

या दोन वर्षांकडे तीन जागांवरून बघा. डिस्ने फक्त नाव देत असेल, तर चांगल्या वर्षी ८०, वाईट वर्षी ६४. संपूर्ण पार्कच डिस्नेचं असेल, तर चांगल्या वर्षी रॉयल्टीचे ८० आणि नफ्याचे ७० मिळून १५०, आणि वाईट वर्षी ६४ वजा ९४, म्हणजे ३०चा खड्डा. आणि ४३ टक्के मालकी असेल, तर चांगल्या वर्षी ८० अधिक ३०, असे ११० रुपये. वाईट वर्षी ६४ वजा ४०, असे २४ रुपये. म्हणजे पार्क तोट्यात असतानाही या भागीदाराचा हिशेब अधिकच्या बाजूलाच राहतो. नफ्यात हिस्सा मिळतो, तोट्याचा मोठा भाग दुसरा उचलतो, आणि रॉयल्टीला कुणी हात लावत नाही. निम्म्याहून कमी मालकी कंपन्यांना का आवडते, ते या एका आकड्यात आलं.

यात आणखी एक पैसा धरलेला नाही: व्यवस्थापन शुल्क. पार्क चालवण्याचं कंत्राट डिस्नेच्याच उपकंपनीकडे असेल, तर चालवण्याची म्हणून वेगळी रक्कम मिळते. टोकियोत पार्क ओरिएंटल लँडच चालवते, त्यामुळे तिथे तो प्रश्न आला नाही. नंतर पॅरिस, हाँगकाँग आणि शांघायच्या करारांत तो आला.

पॅरिस: चांगल्या कराराची परीक्षा

मार्च १९८७मध्ये फ्रेंच सरकारशी करार झाला. तेव्हा जाक शिराक पंतप्रधान होते. पॅरिसच्या पूर्वेला मार्न-ला-व्हाले इथे पॅरिस शहराच्या साधारण पाचव्या भागाएवढ्या जमिनीच्या विकासाचे हक्क डिस्नेला मिळाले, तेही शेतजमिनीच्या जुन्या भावाने. उपनगरी रेल्वेचा मार्ग थेट पार्काच्या दारापर्यंत आणायचं सरकारने कबूल केलं, स्वस्त दराचं कर्ज दिलं, तिकिटावरचा कर उतरवला. बदल्यात अट ही की मालकीचा मोठा हिस्सा युरोपातल्या गुंतवणूकदारांना द्यायचा. म्हणून ४९ टक्के डिस्नेकडे आणि ५१ टक्के शेअर बाजारात.

शेअर १९८९च्या शरद ऋतूत विक्रीला आले. लोकांना एक शेअर ७२ फ्रँकला मिळाला. डिस्नेने आपला हिस्सा घेतला तो १० फ्रँक भावाने. आणि गंमत मालकीच्या टक्केवारीत नव्हतीच. फ्रान्समध्ये कंपनीचा एक प्रकार असा आहे की कारभार बघणारा व्यवस्थापक वेगळा आणि भागधारक वेगळे. भागधारकांकडे बहुमत असलं तरी त्या व्यवस्थापकाला ते सहजी हलवू शकत नाहीत. पॅरिसच्या पार्काची मालक युरो डिस्ने तशीच कंपनी होती, आणि व्यवस्थापक होती डिस्नेच्या पूर्ण मालकीची कंपनी. ५१ टक्के लोकांचे, हुकूम डिस्नेचा. वर रॉयल्टी टोकियोसारखीच, आणि व्यवस्थापन शुल्क निराळं. मालकी ५० टक्क्यांच्या खाली असल्याने युरो डिस्नेचं कर्ज अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या ताळेबंदात दाखवावं लागत नव्हतं, हा आणखी एक फायदा. तो पुढे २००४च्या सुमाराला अमेरिकेतले हिशेबाचे नियम बदलेपर्यंत टिकला.

कागदावर हा करार डिस्नेसाठी जवळजवळ निर्दोष होता. पार्क १२ एप्रिल १९९२ला उघडलं. तोवर खर्च सुमारे २२ अब्ज फ्रँकवर गेला होता आणि त्यातला बहुतेक पैसा कर्जाचा होता. लोक आले, पण राहिले नाहीत. ५,२०० खोल्यांची हॉटेलं बांधून ठेवली होती, आणि पॅरिस रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर असताना पार्काजवळ मुक्काम कशाला, असा विचार युरोपातल्या कुटुंबांनी केला. युरोपात मंदी आली, व्याजदर चढे राहिले. हॉटेलं विकून आणि आजूबाजूची जमीन विकसित करून कर्ज फेडायचा बेत होता. जमिनीचा बाजारच कोसळला. १९९३च्या आर्थिक वर्षात तोटा ५.३ अब्ज फ्रँकवर गेला.

इथे तो हजार रुपयांचा हिशेब अपुरा पडतो. तोटा इतका मोठा झाला की कंपनी बुडण्याची वेळ आली, आणि पार्कच बंद पडलं तर रॉयल्टी कशावर घेणार? शिवाय दारावर नाव डिस्नेचं. ओरिएंटल लँड बुडाली असती तर लोक म्हणाले असते, जपानी कंपनीला जमलं नाही. युरो डिस्ने बुडाली असती तर डिस्नेला जमलं नाही, असंच म्हणाले असते. त्यामुळे १९९४च्या तडजोडीत बँकांनी काही काळ व्याज सोडलं, मुद्दलाचे हप्ते पुढे ढकलले, डिस्नेने पाच वर्षं रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क माफ केलं, सहा अब्ज फ्रँकचं नवं भांडवल उभारलं गेलं, आणि सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी सुमारे २४ टक्के हिस्सा घेतला. डिस्नेचा हिस्सा ३९ टक्क्यांवर आला.

बाजारातले छोटे गुंतवणूकदार मात्र तिथेच अडकले. त्यांना ना रॉयल्टी, ना शुल्क, ना कारभारात आवाज. रॉयल्टी पुन्हा सुरू झाली, कर्ज होतंच, आणि पार्कात दरवर्षी एक कोटीहून अधिक लोक येत असताना युरो डिस्ने नफ्यापेक्षा तोट्यातच जास्त वर्षं राहिली. २००४-०५मध्ये कर्जाची पुन्हा फेरमांडणी झाली. २०१४मध्ये एक अब्ज युरोची सोडवणूक योजना आली, आणि त्यातून डिस्नेचा हिस्सा ७६ टक्क्यांच्या वर गेला. शेवटी २०१७मध्ये दोन युरो भावाने उरलेले शेअर विकत घेऊन डिस्नेने कंपनी बाजारातून काढून घेतली. ज्यांनी १९८९मध्ये ७२ फ्रँक, म्हणजे सुमारे ११ युरो मोजले होते, त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. ते डिस्नेचे भागीदार आहेत असं समजत होते. प्रत्यक्षात कमाईच्या रांगेत ते सगळ्यात शेवटी उभे होते, आणि हे माहितीपत्रकात कुठेतरी लिहिलेलं असलं तरी मिकीच्या चित्राएवढं ठळक नक्कीच नव्हतं.

हाँगकाँग: भागीदार सरकारच

पॅरिसनंतर डिस्नेला कळलं की शेअर बाजारातला भागीदार अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. त्याच्याकडे ना जमीन, ना रेल्वे, ना कायदा. मग पुढचा भागीदार सरकारच.

१९९९मध्ये हाँगकाँग आशियाई आर्थिक संकटातून सावरत होतं, बेकारी वाढलेली होती, आणि चीनकडे हस्तांतर होऊन दोनच वर्षं झाली होती. शहराला जगाला दाखवायला काहीतरी हवं होतं. लांताऊ बेटावरच्या पेनीज बे इथे समुद्र बुजवून पार्क करायचं ठरलं. मालकी सरकारची ५७ टक्के, डिस्नेची ४३ टक्के. सरकारने भागभांडवल म्हणून ३.२५ अब्ज हाँगकाँग डॉलर घातले, ६.१ अब्जांचं कर्ज दिलं, जमिनीची किंमत रोखीत न घेता शेअरच्या रूपात घेतली, आणि भराव, रस्ते वगैरेंवर आणखी १३.६ अब्जांची तरतूद केली. डिस्नेने घातले २.४५ अब्ज. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ५७ आणि ४३ या टक्केवारीतून खऱ्या जोखमीचा अंदाज येत नाही, हे लगेच लक्षात येतं. रस्ता, भराव आणि कर्ज हे टक्केवारीत मोजले जात नाहीत.

सरकारचाही एक हिशेब होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पार्काला नफा होवो न होवो, पर्यटक विमानतळावर उतरणार, हॉटेलात राहणार, खरेदी करणार. ४० वर्षांत अर्थव्यवस्थेला १४८ अब्ज हाँगकाँग डॉलरचा लाभ होईल असा सरकारचा अंदाज होता. हा लाभ पार्काच्या खात्यात दिसत नाही. तो शहराच्या खात्यात, विखुरलेला असतो. डिस्नेला तो कधीच मिळाला नसता, म्हणून पार्काच्या बाहेर फायदा असलेल्यानेच भराव आणि रस्त्याचा खर्च करावा, यात तर्क आहे. अडचण एवढीच की विखुरलेला फायदा मोजणं अवघड असतं आणि पार्काच्या खात्यातला तोटा दरवर्षी छापून येतो.

आणि तो आला. पार्क सप्टेंबर २००५मध्ये उघडलं, पहिल्या वर्षी ५६ लाखांची अपेक्षा होती, ५२ लाख आले. पहिला वार्षिक नफा झाला तो २०१२च्या आर्थिक वर्षात. मधल्या काळात तिथल्या विधिमंडळात सदस्य पुन्हा पुन्हा हेच विचारत राहिले की पार्क तोट्यात असताना डिस्नेला रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क कसं मिळतं. माझ्या मते कुठल्याही लोकप्रतिनिधीने अशा प्रकल्पाला विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे. २००९मध्ये विस्ताराच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा सरकारने थोडं खेचून घेतलं: नवा पैसा सगळा डिस्नेने घालायचा, आणि व्यवस्थापन शुल्क एकूण विक्रीऐवजी व्याज, घसारा आणि कर वजा होण्याआधीच्या कमाईशी बांधायचं. पण त्याच वेळी सरकारने आपल्या कर्जाचा मोठा भाग भागभांडवलात बदलला. म्हणजे ज्याला ठरलेलं व्याज मिळायचं तो सावकार उठून रांगेच्या शेवटी, मालकांत, जाऊन उभा राहिला. सरकारची मालकी ५२ टक्क्यांवर आली आणि डिस्नेची ४८वर.

भागीदार सरकार असलं की त्याच्या हातात आणखी एक पत्ता असतो: जमीन. पार्काशेजारची सुमारे ६० हेक्टर जागा पुढच्या विस्तारासाठी डिस्नेकरता राखून ठेवलेली होती. सप्टेंबर २०२०मध्ये ती मुदत संपली, आणि सरकारने वाढवून दिली नाही.

शांघाय: मालक एक, चालक दुसरा

चीनमध्ये त्या वेळी मोठी थीम पार्कं परकीय गुंतवणुकीवर निर्बंध असलेल्या क्षेत्रांच्या यादीत होती. स्थानिक भागीदाराशिवाय दारच उघडलं नसतं. शांघायमधल्या सरकारी मालकीच्या शेंदी समूहाकडे ५७ टक्के आणि डिस्नेकडे ४३, असं ठरलं. पार्क १६ जून २०१६ला उघडलं.

या करारातला खरा मुद्दा दुसऱ्या मजल्यावर आहे. पार्काची मालकी एका कंपनीकडे, आणि पार्क चालवण्यासाठी वेगळी व्यवस्थापन कंपनी. तिच्यात डिस्नेचे ७० टक्के, शेंदीचे ३० टक्के. इमारतींवर बहुमत चिनी बाजूचं, आणि रोजच्या कामावर, म्हणजे तिकीट केवढ्याला, कुठली राइड कधी दुरुस्तीला, कामगारांना प्रशिक्षण कसलं, यावर डिस्नेचं. यामुळेच हाँगकाँग आणि शांघाय या दोन्ही पार्कांत बहुमत नसताना डिस्ने त्यांचं संपूर्ण उत्पन्न आपल्या हिशेबात दाखवते आणि मग भागीदारांचा वाटा वजा करते. हिशेबाचे नियम टक्केवारीच्या पलीकडे जाऊन विचारतात, की निर्णय कोण घेतं.

शेंदीला काय मिळालं? आजूबाजूची जमीन. हा मुद्दा समजायला थेट १९५५मध्ये जावं लागतं. कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्नेंनी पहिलं पार्क काढलं तेव्हा त्यांच्याकडे भोवतालची जागा घ्यायला पैसे नव्हते. पार्काला लागून दुसऱ्यांची मोटेलं उगवली आणि येणाऱ्या लोकांच्या खिशातला बराच पैसा तिकडे गेला. म्हणून फ्लोरिडात त्यांनी आधी सुमारे २७,००० एकर घेतले, मग पार्क. परदेशात असं करायला कुणी देत नाही. तिथे भोवतालच्या जमिनीचा चढता भाव हेच स्थानिक भागीदाराचं खरं उत्पन्न असतं. शांघायची मेट्रो ११ नंबरची लाइन पार्कापर्यंत आली ती पार्क उघडायच्या आधी, एप्रिल २०१६मध्ये. आणि मेट्रो आली की जमिनीचं काय होतं हे मुंबई-पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

भागीदाराचा उपयोग वाईट दिवसांतही दिसला. करोनाच्या काळात, ३१ ऑक्टोबर २०२२ला, शांघाय पार्काचे दरवाजे अचानक बंद झाले आणि आत असलेल्या लोकांना चाचणी निगेटिव्ह आल्याशिवाय बाहेर सोडलं नाही. अशा दिवसाचा, आणि त्या काळातल्या लांबलचक बंदीचा, तोटा ४३ टक्केच आपल्या अंगावर यावा, बाकीचा त्या शहराच्याच सरकारी कंपनीने सोसावा, हेच तर भागीदारीचं प्रयोजन.

युनिव्हर्सल: भागीदार म्हणजे शिडी

पार्कांच्या धंद्यातली डिस्नेची स्पर्धक कंपनी युनिव्हर्सलने जपानमधल्या ओसाकात वेगळंच केलं. पार्क २००१मध्ये उघडलं तेव्हा ओसाका महापालिका मोठी भागधारक होती. पुढे गोल्डमन सॅक्ससारखे गुंतवणूकदार आले. २०१४मध्ये हॅरी पॉटरचा विभाग उघडला आणि पार्काने उचल खाल्ली. मग युनिव्हर्सलची मालक कंपनी कॉमकास्टने २०१५मध्ये ५१ टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरला घेतला आणि २०१७मध्ये उरलेला ४९ टक्के २.३ अब्जांना. दोन वर्षांत जवळजवळ तेवढ्याच हिश्श्यासाठी दीडपट किंमत मोजावी लागली. तरी ते शहाणपणाचं होतं असं मला वाटतं: धंदा चालतो हे दुसऱ्यांच्या पैशाने सिद्ध झालं, आणि मग घर विकत घेतलं. बेइजिंगमध्ये मात्र युनिव्हर्सलकडे ३० टक्केच, ७० टक्के तिथल्या सरकारी गटाकडे. आणि आपल्याकडून सिंगापूरला जाणाऱ्या सहलींत ठरलेलं असतं ते युनिव्हर्सल स्टुडिओज पूर्णपणे गेंटिंग समूहाचं. नाव तेवढं परवान्यावर.

परवाना घेणाऱ्याची बाजू किती कच्ची असू शकते हे दुबईत दिसलं. २०१६मध्ये तिथे बाजारात शेअर असलेल्या एका स्थानिक कंपनीने मोठ्या कर्जावर पार्कांचा अख्खा पट्टा उघडला. त्यातलं बॉलिवूड पार्क आपल्या लोकांसाठीच होतं. ते २०२३मध्ये बंद झालं. सिक्स फ्लॅग्सचं पार्क तर बांधकामाच्या टप्प्यावरच २०१९मध्ये रद्द झालं. सिक्स फ्लॅग्सचं नुकसान झालं ते अपेक्षित परवाना शुल्काचं. खड्ड्यात गेलेला पैसा स्थानिकांचा होता.

आता अबू धाबी. ७ मे २०२५ला डिस्नेने जाहीर केलं की यास बेटावर पार्क होणार. पैसा मिराल या तिथल्या कंपनीचा, बांधकाम मिरालचं, चालवणारही मिराल. डिस्ने आराखडे आणि देखरेख करणार, रॉयल्टी आणि शुल्क घेणार. म्हणजे फिरून टोकियो. मिरालकडे यास बेटावर फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आधीच आहेत, त्यामुळे चालवण्याचा अनुभव आहे. मागे अमिरातीची तिजोरी आहे, त्यामुळे १९९३च्या पॅरिससारखी वेळ आली तरी बँकांच्या दारात जावं लागणार नाही. अशा भागीदारासमोर डिस्नेला स्वतःचा पैसा घालण्याचं कारणच उरत नाही.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०२५मध्ये, युनिव्हर्सलने इंग्लंडमधल्या बेडफर्डजवळ पार्क जाहीर केलं. २०३१मध्ये उघडायचं आहे. तिथे मालकी पूर्ण कॉमकास्टची. जुन्या वीटभट्ट्यांची ४७६ एकर जागा त्यांनी २०२३मध्येच विकत घेऊन ठेवली होती. भागीदार नको होता, कारण जमीन हातात होती, परकीय मालकीवर बंदी नव्हती, आणि ओसाकाने धंद्याची खात्री पटवली होती. सरकारकडून हवे होते ते रस्ते आणि रेल्वे, आणि ते द्यायचं ब्रिटिश सरकारने कबूल केलं आहे, मालकीत एक टक्काही न घेता.